“चूक माझी” म्हणत दारी आलेले नगराळे सर

सरांची माझी पहिली ओळख झाली तेव्हा सरकारी कंप्यूटरात मी मेलेली होते.

आमचं गाव आदिलाबादकडच्या जैनथ मंडळातलं, म्हणजे तालुक्यातलं, पैनगंगेच्या काठचं. कापूस फुटला की आमच्याकडच्या बाया नदीपलीकडे लेकीबाळींच्या गावी वेचणीला जातात, शेतं मोकळी झाली की परततात. त्या साली मीही लेकीकडे होते. परत आले तर विधवा पेन्शन बंद. दफ्तरातल्या बाबूनं पडद्याकडे पाहून सांगितलं की, अम्मा, तुम्ही वारल्या. मी म्हटलं, मग तुझ्याशी भांडून राह्यली ते कोण? तो म्हणाला, कंप्यूटरापुढं आमचं चालत नाही, जिवंत असल्याचा दाखला आणा.

माझं भांडण कानावर गेलं म्हणून दुसऱ्या दिवशी फाट्यावर बसमधून उतरून एक गृहस्थ पायी आमच्या अंगणात आले. हेच श्री. देविदास नगराळे. आज त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून आपण सारे हे पुस्तक काढून राह्यलो. तेव्हा मात्र मी त्यांना अरे-तुरेच केलं. त्यांनी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सांगितलं, “मावशी, कंप्यूटरनं काही नाही केलं. मी केलं.”

दफ्तराचा तो प्रोग्राम सरांनी बनवला होता. लागोपाठ तीन महिने पेन्शनच्या मशीनवर ज्याचा अंगठा लागला नाही तो माणूस गेला असं धरायचं, हा नियम त्यांनीच त्यात घातला होता.

“तुह्या घरचं कोणी वेचणीले जात नाही काय?” मी विचारलं.

“माय जात होती. दर साली.”

“मंग मायलेबी मारलं असतं तू.”

सर म्हणाले, “हो.”

एवढंच म्हणाले. वरून आलेला हुकूम, घाई होती, पोरांनी नीट भरलं नाही, असलं काही त्यांनी सांगितलं नाही. माझा राग गेला नव्हता, तरी मी चहा ठेवला.

मग ते मला दफ्तरात घेऊन गेले. अंगठा लावला, मी जिवंत झाले. मोठे साहेब म्हणाले, झालं, मामला मिटला. सरांनी सांगितलं की मिटला नाही. हा नियम आधी बंद करा, ज्यांची ज्यांची नावं कटली त्यांच्या घरी जाऊन पाहावं लागेल. साहेबांनी आवाज खाली घेतला. मी बाकावरच होते, ऐकून राह्यले होते. असं लिहून दिलं तर दफ्तराची इज्जत जाईल, आणि तुमचं कंत्राटही या महिन्यात संपतं, असं ते म्हणाले. सरांची लेक तेव्हा हैदराबादेला शिकत होती, आणि घरात पगार हा एकच. सर म्हणाले, “साहेब, ह्या मावशी ओरडल्या म्हणून जिवंत झाल्या. जे ओरडले नाहीत त्यांचं काय?” आणि तिथंच बसून, नियम माझा, चूक माझी, असं लिहून खाली सही केली.

नियम बंद झाला. गावोगाव फिरायला सरांनी मला सोबत घेतलं. पँट-शर्टातला माणूस दारात येऊन तुमची म्हातारी जिती आहे का विचारतो म्हटल्यावर लोक मारतील, म्हणून. बऱ्याच म्हाताऱ्या जित्या निघाल्या. एकीनं तर सरांना पाटावर बसवून पोटभर शिव्या दिल्या, त्यांनी मान खाली घालून ऐकल्या. तामसीकडच्या अंजनाबाई मात्र आठच दिवसांआधी गेल्या होत्या. त्यांची सून दारातूनच म्हणाली, “आता बराबर हाये तुमच्या कंप्यूटरचं.”

अंजनाबाई पेन्शन थांबल्यानं गेल्या असं मी म्हणत नाही. म्हाताऱ्या होत्या. पण शेवटी शेवटी औषधापायी सुनेच्या तोंडाकडे पाहावं लागलं, हे खरं. सरांनी त्या सुनेला सगळं सांगितलं. माफी मागितली, माफ करा असा आग्रह केला नाही. परतीच्या बसमध्ये मी त्यांची समजूत काढली नाही. समजूत काढण्यासारखी गोष्ट नव्हती ती.

कंत्राट वाढलं नाही. सरांनी आदिलाबादेत कंप्यूटरचा क्लास काढला. तुम्ही सारे तिथंच शिकले, तेव्हा त्यांच्या शिकवण्याबद्दल मी काय सांगणार. माझी नात वैशाली तिथं गेली म्हणून मला दोन गोष्टी ठाऊक. “सिस्टीमची चूक” हा शब्द तिथं चालत नाही. आणि कोणताही नियम लिहिण्याआधी तो कोणाला लागेल त्या एका माणसाचं नाव घेऊन दाखवावं लागतं.

तीच वैशाली आता हैदराबादेत नोकरीला आहे. दवाखान्याचा एक प्रोग्राम पुरता तपासला नव्हता आणि वरचा म्हणत होता, तपासला असं लिही. तेव्हा ती घरूनच काम करत होती, तिनं माझ्यासमोर सरांना फोन लावला. मला वाटलं सर भाषण देतील, कारण चहा पिताना ते फार बोलतात, हा त्यांचा दुर्गुण मी इथं नोंदवते. पण त्यांनी एवढंच विचारलं, “तपासला काय?” ती म्हणाली, नाही. “मंग काय लिहिशील?” तिनं “तपासला नाही” असं लिहिलं. ते काम तिच्याकडून काढून घेतलं. ती रडली. मी रडू दिलं. दुसऱ्या दिवशी सर घरी आले आणि तिच्या दुसऱ्या कामासाठी चार ठिकाणी स्वतः बोलले. तुझं बरोबर होतं असं नुसतं सांगून ते घरी गेले नाहीत, हे मला आवडलं.

लोक म्हणतात, सरांनी नाव कमावलं. नाव कशाचं, नोकरी गेली. ती गेली नसती तर बरं झालं असतं, असं मी आजही म्हणते. पण माझ्यासारख्या कितीतरी बायांना त्यांनी परत जित्यात आणलं, आणि जिला आणता आलं नाही तिचं नाव ते कोणी न विचारता घेतात. क्लासमध्ये नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी तिचीच गोष्ट सांगतात. त्यात चुकणारा माणूस ते स्वतः असतात.

सर, शंभर वर्षं जगा असं मी म्हणत नाही. त्या वयातले हाल मी जवळून पाहून राह्यले. डोळे साबूत राहोत, गोड कमी खा, आणि जगाल तितके दिवस आपल्या हातून कुठं चुकलं तर त्या माणसाच्या दारापर्यंत चालत जाण्याइतकी ताकद पायांत राहो.