किल्ट आणि अब्बांची लुंगी
लोकरीवर गरम इस्त्री फिरली की त्या वासासरशी मला सौदीतल्या अल-खोबरचा आमचा जुना फ्लॅट आठवतो. शाळेच्या स्काउट बँडच्या गणवेशात स्कॉटलंडचे पुरुष नेसतात तसा चौकड्यांचा, चुण्यांचा लोकरी किल्ट होता. पहिल्याच दिवशी "हा मुलींचा स्कर्ट घालून मी नाही जाणार," म्हणत मी तो नेसून दारातच बसकण मारली. रास तनुराच्या तेल रिफायनरीतून रात्रपाळी करून आलेले अब्बा नुकतेच लुंगी नेसून आडवे झाले होते. लुंगीत बाहेर पडायचं नाही, हा त्यांचाच नियम. ते उठले, म्हणाले, "यल्ला, चल, दोघंही असेच जाऊ," आणि लुंगीतच मला शाळेच्या बसपर्यंत सोडून आले. बसमधली मुलं त्यांनाच हसली. माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. आता मीही रात्रपाळी करतो. घरी येऊन एकदा लुंगी नेसली की थकव्याने मला दारापर्यंतही जाववत नाही.