मूठभर ओलं मीठ

“ऊन काय कोनाच्या बापाचं हाय?”

हे वाक्य आमच्या मिस्त्रींच्या तोंडात इतक्या वेळा यायचं, की माझा नवरा म्हणायचा, दुकानाच्या पाटीवर हेच रंगवून घेऊ. गिऱ्हाईक कुरकुरलं, की मिस्त्री मान वर करायचे, डोळे बारीक करायचे आणि उजवा तळवा उताणा पुढे धरायचे. देवळात तीर्थ घ्यायला धरतात ना, तसा. मग हे वाक्य. गिऱ्हाईक हसायचं आणि निम्मं काम तिथेच व्हायचं.

तुळिंजला आमचं इलेक्ट्रिकचं दुकान. ट्यूबा, पंखे, मिक्सरची दुरुस्ती. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि नवऱ्याच्या डोक्यात सोलरचं खूळ शिरलं. छपरावर काचेचा पॅनल, घराच्या कोपऱ्यात बॅटरी आणि दोन ट्यूबा. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, लोक इथे वायरीतली लाइट धड बघत नाहीत आणि तुम्ही आभाळातली विकायला निघालात! पण भारनियमन वाढत गेलं, वाड्यांमध्ये ट्यूब नुसती डोळे मिचकवायला लागली, आणि डोंगराच्या बाजूच्या पाड्यांवर तर वायर पोचलेलीच नव्हती. खूळ चालायला लागलं.

पॅनल बसवायला माणूस हवा होता, तेव्हा मिस्त्री आले. अर्धं आयुष्य मिठागरात मीठ ओढण्यात गेलेलं. टाचा अशा भेगाळलेल्या, की बघवत नसत. मिठागर बंद पडल्यावर वायरिंग शिकले होते. मी विचारलं, “सोलरचं काम येतं का?” तर म्हणाले, “वैनी, चाळीस वर्सं उन्हाकडून मीठ करून घेतलं. आता लाइट करून घिऊ.” मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा हसत होता. झालं, ठेवलं कामावर.

पहिला पॅनल दुकानात आला, त्याचा एक कोपरा वाटेत चेपला होता. तो गिऱ्हाइकाला कसा देणार? मिस्त्री म्हणाले, मला द्या. स्वतःच्या घरावर चढवला. त्यांचं घर मिठागराच्या बांधाला अगदी टोकाला, तिथेही वायर नव्हती. “आदी बायकोला पटू दे. तिला पटला, की अख्ख्या वसईला पटंल.” चार दिवसांनी आले ते छाती पुढे काढूनच. “वैनी, काल बायकोनं बोयट मासळीतला काटा बघून काढला. लग्नापासून पहिल्यांदा!” आणि एवढे हसले, की मलाही हसू आवरेना.

आता त्यांची काम करायची तऱ्हा सांगते. तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल तर आठवून हसाल. पॅनल कुठे बसवायचा हे ठरवायला हा माणूस कमरेच्या पिशवीतून मीठ काढायचा. खडे मीठ. पाण्यात भिजवायचा आणि सकाळी छपरावर तीन-चार जागी एकेक मूठ ठेवून द्यायचा. संध्याकाळी वर चढून बघायचा. जिथलं मीठ आधी खडखडीत वाळलं, तिथे पॅनल.

मी वैतागायचे. “अहो मिस्त्री, वर नुसतं बघितलं तरी कळतं सावली कुठे पडते!”

“आत्ताची कळते, वैनी. मीठ दिवसभराची सांगतं.”

“आणि पत्रा गंजला म्हणजे?”

“पुसून घेतो ना.” आणि खरंच ओल्या फडक्याने लहान मुलाचं तोंड पुसावं तसा पत्रा पुसायचे.

नंदाखालला एका मावशींच्या वाडीत काम निघालं, तेव्हा याच मिठाने आमची लाज काढली. मिस्त्री सकाळी मीठ ठेवून दुसऱ्या कामाला गेले. मावशी केळी बघायला मागच्या अंगणात आल्या, वर बघतात तर छपरावर मिठाचे ढीग! त्यांनी जी बोंब ठोकली, ती आळीभर ऐकू गेली असेल. करणी केली, कुणीतरी माझ्या घरावर करणी केली! मी पोचले तेव्हा दारात बायकांचा घोळका, आणि मावशी हातात लाल मिरच्या घेऊन घरावरूनच दृष्ट काढतायत. मी समजावते आहे, त्या ऐकत नाहीत. तेवढ्यात मिस्त्री सायकलवरून उतरले आणि शांतपणे म्हणाले, “मावशी, मिरच्या लाल सुक्या हायत ना? मीठबी हाय. आता फकस्त कैऱ्या आना.” घोळका फिस्सकन हसला. मावशीही हसल्या, पण मिरच्या चुलीत टाकूनच.

त्याच मावशींचा महिन्याभरात निरोप आला, की तुमचा सोलर मेला. मिस्त्री छपरावर चढले आणि वरून नुसता हसण्याचा आवाज. मावशींनी पॅनलवर क्रोशाचा रुमाल घातला होता. पांढरा शुभ्र, कडेला गुलाबी झालर, वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांना नाड्या. “धूळ बसते रे त्याच्यावर. टीव्हीला नाही का आपण घालत?” मिस्त्रींनी रुमाल काढला, नीट घडी केली आणि मावशींच्या हातात दिला. “याला उघडाच राहू द्या, मावशी. याला उपाशी ठेवू नका.”

उपाशी. ऊन वाया गेलं, की त्यांच्या जिवाला लागायचं. दुसऱ्याच्या ताटात भात उरलेला बघून काही माणसं कासावीस होतात, तसं.

आणि त्याच पायी पुढचं सगळं घडलं.

चिंचोटीजवळ मुंबईच्या एका साहेबांचा बंगला होता. त्यावर आम्ही तीन पॅनल बसवले होते. साहेब यायचे फक्त पावसाळ्यात, पाहुण्यांना घेऊन, धबधबा बघायला. म्हणजे ऊन असायचं तेव्हा बंगल्याला कुलूप, आणि माणसं असायची तेव्हा ऊन नाही! मिस्त्री तिथून आले, की दिवसभर चिडचिड करायचे. “तीन पॅनल, वैनी. आठ म्हैने. कोनासाटी?”

बंगल्याच्या कुंपणाला लागूनच खाली पाडा होता. पहिलीच झोपडी एका दाईची. आजूबाजूच्या पाड्यांतल्या बाया बाळंतपणाला तिच्याकडेच यायच्या. घरात रॉकेलची चिमणी. मिस्त्री बंगल्याच्या कामाला गेले, की तिच्या दारात पाणी प्यायला टेकायचे. एकदा मला सांगत होते, “ती म्हनते, मला पोर हाताला कळतं, डोळ्याला कळत नाय. नाळ कापताना देवाचं नाव घेते.” मी म्हटलं, “अरे देवा!” आणि गिऱ्हाइकाला होल्डर काढून द्यायला वळले.

पुढच्या पावसाळ्यात साहेबांचा फोन. पाहुणे आले आणि तासाभरात बंगल्यात अंधार. तुमचा माल फसवा आहे म्हणाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मिस्त्रींना घेऊन मी स्वतः निघाले. एरवी वाटेत तोंड बंद न ठेवणारा माणूस, पण त्या दिवशी चिडीचूप. मला वाटलं, बरं नसेल.

बॅटरीच्या मागे एक वायर होती. आमची नव्हे. म्हणजे आम्ही बिल केलेली नव्हे. भिंतीतल्या भोकातून ती बाहेर गेली होती. मी तिच्या मागे गेले, माझ्यामागे साहेब. जास्वंदीच्या कुंपणाखालून वायर मातीत शिरली होती, ती पलीकडे दाईच्या कुडातून वर निघाली आणि थेट आढ्याला. तिथे छोटासा दिवा लटकत होता.

खोटं सांगत नाही, मी कुडाला हात टेकला. इतकी वर्षं ज्याच्या हातात गिऱ्हाइकांच्या घराच्या किल्ल्या दिल्या, त्या माणसाने चोरी केली? दुकानाचं नाव, आमची भाकरी, सगळं त्या वायरीला लोंबकळताना दिसलं मला.

“मिस्त्री, हे काय?”

“दिवा हाय, वैनी.”

“ते दिसतंय मला! कुणाला विचारून?”

त्यांनी सवयीने तळवा पुढे धरला. “ऊन काय...”

“खबरदार!” मी ओरडलेच. “ऊन नसेल कुणाच्या बापाचं, बॅटरी यांची आहे! पॅनल यांचा आहे!”

साहेब पोलिसांचं नाव काढत होते. त्यांचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांच्या घरातून कुणी न विचारता वायर ओढली होती. मी हात जोडले, नवी बॅटरी फुकट बसवून द्यायचं कबूल केलं आणि मिस्त्रींना म्हटलं, काढा ती वायर, आत्ताच्या आत्ता.

मिस्त्री गुडघ्यावर बसून मातीतून वायर उपटत गेले. दाई दारात उभी होती. आत एक पोरगी भिंतीला पाठ टेकून बसली होती, पोट हे एवढं. दाई कुणावर रागावली नाही, की रडली नाही. फक्त म्हणाली, “हिचे दिस भरलेत, भाऊ.” मिस्त्रींनी मान वर केली नाही. मी तिथून निघाले, कारण मला ते बघवेना.

मिस्त्रींना दुकानातून काढून टाका म्हणून मी नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, एवढ्या पावसात दुसरा मिस्त्री कुठून आणू? राहिले.

आठवड्याने साहेबांच्या नव्या बॅटरीसाठी मीच चिंचोटीला गेले, मिस्त्रींवर आता कोण भरवसा ठेवणार! काम झालं आणि सहज खाली नजर गेली, तर दाईच्या घरात दिवा. पुन्हा वायर? मी कुंपणाची माती उकरून बघितली. वायर नव्हती. मग वर बघितलं. झोपडीच्या छपराच्या वर, बांबूंच्या मांडवावर, एक पॅनल बसलेला होता. आत बाळाचं रडणं चाललं होतं.

दुकानात येऊन मी आधी माळा तपासला. आमचा माल जागच्या जागी. मग मिस्त्रींना उभं केलं. “कुठून आणलात पॅनल?”

“पडलेला होता एक, जुना.”

“कुठे पडलेला? पॅनल काय रस्त्यात पडतात?”

“वैनी, चोरलेला नाय. पोराची शप्पथ.”

त्यापुढे एक अक्षर नाही. मी खोदून विचारलं, भांडले, अबोला धरला. हा माणूस हसायचा आणि आभाळाकडे बघायचा. माझा काही विश्वास बसला नाही. कुठल्यातरी बंद बंगल्यावरून उचलला असणार, अशीच माझी खात्री.

पाऊस संपला, दिवाळी झाली. एका सकाळी आम्ही नेहमीसारखे भांडलो. क्लिपांचा डबा त्यांनी जागेवर ठेवला नव्हता, एवढंच कारण. पिशवी कमरेला लावून ते आगाशीकडच्या कामाला गेले. दुपारी फोन आला, की चहाच्या टपरीवर बाकड्यावर टेकले ते उठलेच नाहीत. चहा अर्धा प्यायलेला. मी फोनवर म्हटलं, कुणाचं बोलताय तुम्ही? आमचे मिस्त्री सकाळी माझ्याशी भांडून गेलेत. तो माणूस पुन्हा पुन्हा तेच सांगत होता आणि मी पुन्हा पुन्हा तेच विचारत होते.

तिसऱ्या दिवशी मी आणि नवरा त्यांच्या घरी भेटायला गेलो. मिठागराच्या बांधावरून चालत. घर दिसलं आणि माझी नजर सवयीने छपरावर गेली. लोखंडी स्टँड होतं. चार पाय, वर चौकट. आणि चौकटीत काही नव्हतं. आरपार आभाळ दिसत होतं.

मी जागच्या जागी थांबले. नवरा म्हणाला, काय झालं? मी नुसतं छपराकडे बोट दाखवलं.

आत दिवसाउजेडीसुद्धा अंधार होता. मिस्त्रींची बायको भिंतीशी बसली होती, शेजारी काजळीने काळी पडलेली चिमणी. मी तिच्याजवळ टेकले. माझ्याकडे न बघता तिने चिमणी बाजूला सरकवली. मग म्हणाली, “वैनी, आज तरी आनायचा होता पॅनल. पावसापासून बॅटरीसकट दुरुस्तीला नेलाय तुमी. मी रोज विचारायची. ते म्हनायचे, वैनींकडं लय काम हाय, बिचारी एकटी काय काय करंल. लय राग यायचा तुमचा मला. काटा दिसत नाय, म्हनून मी बोयटं आनायचीच सोडली.”

तोंडाळ म्हणून अख्ख्या तुळिंजमध्ये माझी ख्याती. पण तिला एवढंच म्हटलं, “झाला दुरुस्त. उद्या आणते.”

दुसऱ्या दिवशी नवा पॅनल, बॅटरी आणि नवा मिस्त्री घेऊन गेले. ती बाहेर आली, पॅनलच्या कडेवरून तिने बोट फिरवलं, चारी कोपरे चाचपले.

“वैनी, हा आपला नाय. आपल्याचा कोपरा चेपलेला होता.”

आता काय सांगणार? सगळं सांगितलं. बंगला, वायर, दाई, ती दिवस भरलेली पोरगी, बांबूंचा मांडव. ती ऐकत राहिली. मग अशी काही रडली, की इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं.

“मला सांगायला काय झालं होतं त्यांना? मी काय नाय म्हनले असते?”

मी तिचा हात धरला आणि मीही रडले, चांगली मोठ्याने.

नवा मिस्त्री शिडी लावून खोळंबला होता. “बाई, स्टँड तयारच आहे. पाच मिनिटांचं काम.”

“थांब रे,” ती म्हणाली. आत गेली, मूठभर मीठ भिजवून आणलं आणि त्याच्या हातात दिलं. “वरती ठेव. चौकटीखाली.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो मीठ ठेवून खाली उतरला. ऊन चांगलंच तापलं होतं. मीठ वाळेपर्यंत आम्ही दोघी ओट्यावर बसून राहिलो.