खांबाची ती टेप मी लावली होती

मंडळी, लाज वाटून राहिली, तरी लिहितो.

आज सकाळी सव्वासहाला, रस्त्यावरचे दिवे सुरू असतानाच, शेजारच्या वंदनाताई लोखंडी खांबाला कपड्यांची दोरी बांधत होत्या. एकदम किंचाळल्या आणि मागे पडल्या. खांबात करंट उतरला होता. पायात रबरी चप्पल होती म्हणून वाचल्या.

लाइनमन आला, आधी त्या खांबाचा फ्यूज काढला. खांबाच्या उघड्या डब्यातली टेप त्यानं सोलली, तर आतली वायर जळालेली.

"काका, इतकी साफ टेप कोणी लावली? मले वाटलं आमच्याच माणसाचं काम आहे, म्हणून उघड्या डब्याची आलेली तक्रार मी बंद केली."

टेप माझी. तीस वर्षं पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून बांधतो, कोणाकडे न शिकता. पावसाळ्याआधी डब्यातली वायर उघडी दिसली, म्हणून गुपचूप लावली होती.

"भाऊ, आमाले काहून नाही सांगितलं?" वंदनाताई एवढंच म्हणाल्या.

आणखी दोन खांबांना माझीच टेप आहे, हे मी तिथंच कबूल केलं. लाइनमननं सगळ्या गल्लीची लाइन बंद केली. उद्या सगळी घरं मिळून त्याच्यासोबत गल्लीतले अकराही खांब तपासणार आहोत. तोवर आमच्या गल्लीतल्यांनी पोरांना खांबांपासून लांब ठेवावं.

तुमच्या गल्लीत असं परस्पर काही दुरुस्त केलंय का कोणी? केलं असेल तर लाज सोडा, आजच सांगा.