उत्तरेचं दार

भीमराज शाळेत शिपाई होता, त्यामुळे गावातल्या बहुतेक लग्नांच्या पत्रिका मास्तरांना वाटायला त्याच्याच हातात पडायच्या. लग्नं होऊन गेली की उरलेल्या जाड जाड पत्रिका तो पिशवीत घालून घरी आणायचा आणि पोरगी सुट्टीत आली की तिच्यापुढं ओतायचा. संध्या संभाजीनगरला आर्किटेक्चर शिकत होती. मॉडेलसाठी बाकीची पोरं दुकानातून पांढरा बोर्ड आणत. संध्या पत्रिका उलट्या करून भिंती कापायची. तिची घरं बाहेरून पांढरी स्वच्छ दिसत आणि आत डोकावलं की भिंतीवर चि. सौ. कां. आणि गणपती.

"तुझ्या घरात राहायला जायचं म्हणजे आधी लग्न लावावं लागतंय," तिच्या खोलीतली राणी म्हणायची.

संध्या हसायची. ब्लेड मात्र तिच्या हातून कधी हललं नाही. शिक्षक तिच्या रेषेचं कौतुक करत. स्वच्छ रेषा आहे, म्हणत. शहरातली वस्तुसंग्रहालयं, बसस्थानकं, समुद्राकाठची हॉटेलं, जे सांगतील ते तिनं काढलं. समुद्र तिनं तोवर पाहिला नव्हता. लाटांच्या रेषा तिनं राणीच्या कागदावरून उचलल्या होत्या.

शेवटच्या वर्षी विषय आपला आपण निवडायचा होता. संध्यानं आपलं गाव घेतलं.

हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावाहून आत गेलं की केळीच्या बागा मागं पडतात आणि हळदीची रानं लागतात. तिथं ते गाव. गाव उत्तरेला, बौद्धवस्ती दक्षिणेला आणि मधे एक मोकळी जागा. त्या जागेला नाव नव्हतं. उन्हाळ्यात तिथं गावाची शिजवलेली हळद वाळत पडायची. तेव्हा ती जागा गावाची असायची. एरवी कुणाचीच नसायची. हळदीच्या दिवसांत वस्तीतली पोरं शाळेला जाताना वळसा घालून जात. कुणी मारायचं नाही, शिवी द्यायचं नाही. "लांबून गं पोरी, लांबून," एवढंच म्हणायचे, तेही गोड आवाजात. संध्याला तो गोड आवाज पाठ होता.

तिनं सभागृह काढलं. वस्तीच्या कडेला, मोकळ्या जागेला लागून. आत बसायला मोठी जागा, एका बाजूला वाचायची खोली आणि दारं दोन. एक दक्षिणेला वस्तीकडं, दुसरं उत्तरेला त्या मोकळ्या जागेकडं, गावाकडं. दोन्ही दारं एकाच मापाची आणि अगदी समोरासमोर. म्हणजे गावातून निघालेला माणूस सरळ चालत गेला तर सभागृहातून वस्तीत निघेल. सगळा आराखडा त्या एका सरळ रेषेवर उभा होता.

परीक्षेला मुंबईचे एक गृहस्थ आले होते. ते मॉडेलपाशी बराच वेळ वाकून उभे राहिले.

"छान आहे. पण असं आता राहिलंय का कुठं?"

"आमच्या गावात आहे, सर."

"बरं. मग या दारानं येणार कोण?"

संध्यानं मॉडेलच्या उत्तरेच्या दारावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "दार असलं तर येतील."

ते हसले. वाईट हसले नाहीत. "भाबडं आहे, पण सुंदर आहे," म्हणाले आणि चांगले गुण देऊन पुढच्या मुलाकडं वळले. ते मॉडेल भीमराजनं बसमधून मांडीवर घेऊन गावी आणलं आणि कपाटावर ठेवलं. लक्ष्मीबाई, संध्याची आई, आठवड्याला त्याच्यावरची धूळ फुंकायची.

पुढं पुण्यात नोकरी लागली. मोठं ऑफिस होतं, काचेचं. संध्याच्या वाट्याला उंच इमारतींची न्हाणीघरं आली. कोणत्या फरशीचा जोड कुठं येईल, नळाखाली पाणी कुठं वळेल. ते काम ती मन लावून करायची, कारण मन न लावता रेषा काढणं तिला यायचंच नाही. मग एक मोठं काम थांबलं, नवी भरती झालेली सगळी पोरं घरी बसली आणि संध्या हिंगोलीला परत आली.

"आर्किटेक्ट म्हंजी काय करती पोरगी?" बसस्टँडवर कुणी भीमराजला विचारायचं.

"नकाशे काढती घरांचे."

"तलाठी हाय व्हय मंग?"

"त्याच्याहून बारीक काढती," भीमराज सांगायचा आणि बसची पाटी वाचत उभा राहायचा.

हिंगोलीत तिला कावरखे सरांकडं काम मिळालं. ते इंजिनिअर होते. नकाशे मंजूर करून घेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांच्याकडं येणाऱ्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असत: समोरून बंगला फोटोतल्यासारखा दिसावा आणि आतून वास्तू जुळावी. स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला. एका डॉक्टरांचा संडास संध्यानं इतक्यांदा हलवला की शेवटी तो जिन्याखाली जाऊन बसला.

"उत्तरेला दार म्हणजे कुबेराचं दार," कावरखे सर गिऱ्हाइकाला सांगायचे. "तिथं कधी भिंत घालू नये. घराचा श्वास कोंडतो बघा."

संध्या ऐकायची आणि दार उत्तरेला सरकवायची.

अशातच तिच्याच गावच्या वस्तीला सभागृह मंजूर झालं, आणि नकाशाचं काम योगानं याच ऑफिसात आलं.

"टाइप प्लॅन हाय की," कावरखे सर म्हणाले. "गावाचं नाव बदल अन् दे."

टाइप प्लॅन म्हणजे पेटी होती. चार भिंती, पुढं शटर, दोन्ही अंगांना गजांच्या खिडक्या. तालुक्यात कित्येक गावांत तीच पेटी उभी होती. संध्यानं गावाचं नाव बदललं नाही. रात्री घरी बसून तिनं कॉलेजचा आराखडा काढला, वाचायची खोली लहान केली, छत साधं केलं. दारं मात्र दोन्ही ठेवली. सरांनी न बघता सही केली. त्यांना एकच गोष्ट दिसली, की क्षेत्रफळ बराबर बसतंय.

आखणीच्या दिवशी ती स्वतः गेली. ठेकेदार वसराम दोरी धरून उभा होता, त्याची माणसं चुन्याची फक्की टाकत होती. पांढऱ्या रेषांत सभागृह जमिनीवर उतरू लागलं. वस्तीतल्या बाया कडेला उभ्या राहून बघत होत्या. पुंजाजी, वस्तीतला सगळ्यांत म्हातारा माणूस, खुर्ची टाकून बसला होता. पाया आखून झाला. दक्षिणेच्या पायऱ्यांची फक्की पडली. मग उत्तरेच्या पायऱ्यांची.

ती पडली तसे तातेराव मोकळ्या जागेतून चालत आले. उपसरपंच. हळद त्यांचीच जास्त.

"वसराम, ह्या पायऱ्या इकडं काहून?"

"दार हाय ना साहेब इकडं. मॅडमच्या नकाशात हाय."

तातेराव संध्याकडं वळले. त्यांनी तिला लहानपणापासून पाहिलं होतं.

"लई शिकली गं बाई तू. भीमराजनं नाव काढलं. पण इकडं आमच्या हळदी वाळतेत. दार ठेवलं की येणंजाणं होतं. उगा तुम्हालाच तकलीफ."

तोच गोड आवाज होता.

"मामा, जागा वस्तीचीच आहे. दार आमच्या हद्दीत आहे," संध्या म्हणाली.

"न्हाई कोन म्हणतंय? तुमचंच हाय. कामाची घाई नका करू मंग. मोजणी आणू, हद्द बघू." ते हसले आणि आले तसे निघून गेले.

मोजणी म्हणजे काय हे वस्तीत सगळ्यांना कळत होतं. आधीचं एक सभागृह मोजणीतच अडकून परत गेलं होतं. पुंजाजीनं संध्याला जवळ बोलावलं.

"त्या दाराचं सोड, माय."

"आबा, तुम्ही पण?"

"हे बघ लेकरू. दार ठेवलं त ते बंद ठिवा म्हणतीन. बंद ठिवलं त कुलूप लागंल. कुलूप लावलं त चावी कोनाकडं? त्याच्यावरून पोरं डोकी फोडतीन. भिंत घाल. भिंतीला चावी लागत न्हाई."

"आबा, दार काढलं तर मग यात उरतंय काय?"

"छत उरतंय की," पुंजाजी म्हणाला. "लगीन असलं की मांडव उडतो आमचा. तुला तुझं दार पायजे. आमाला छत पायजे."

भीमराज शेजारीच उभा होता. तो पायानं उत्तरेची फक्की पुसू लागला. चपलेनं, हळूहळू, जणू कुणाला लागेल. संध्यानं दुसरीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात शेवटचा प्रयत्न केला.

"सर, उत्तरेचं दार आहे. तुम्हीच म्हणता कुबेराचं दार, भिंत घालू नये."

कावरखे सर खळखळून हसले. "अगं ते बंगल्याला. समाजमंदिराला कसली आली वास्तू? घाल भिंत अन् मोकळी हो."

भिंत तिनं स्वतःच्या हातानं घातली. संगणकाच्या पडद्यावर दोन रेषा ओढल्या की भिंत होते. दोन्ही रेषा अगदी सरळ आल्या.

पण तिला एक युक्ती सुचली. दारावर जी तुळई येणार होती ती तिनं तशीच ठेवली. आणि खाली नकाशात लिहिलं की एवढा भाग वेगळा बांधावा, दोन्ही कडांच्या विटा शेजारच्या भिंतीत गुंतवू नयेत. म्हणजे दाराच्या जागी विटांचं नुसतं बूच. कधीतरी, कुणीतरी, वरचा भार न हलवता ते सहज काढू शकलं असतं.

"मॅडम, हे काहून असं?" वसरामनं विचारलं. "सलग ओढू ना. सांधा कच्चा राहतो."

"राहू द्या. नकाशात आहे तसंच बांधा."

"बांधतो. मंग मला म्हणू नका."

भिंत उभी राहिली, गिलावा झाला, पिवळसर रंग लागला. गावाला भिंत दिसली, वस्तीला छत दिसलं. आत दार आहे हे एकट्या संध्याला ठाऊक होतं. पुढचे काही महिने ती त्या माहितीवर जगली म्हटलं तरी चालेल. डॉक्टरांचे संडास हलवताना, काचेचे बंगले चितारताना ती मनाशी म्हणायची, माझं एक दार आहे.

उन्हाळा आला. हळद निघाली, शिजली, मोकळ्या जागेत पसरली. आणि सभागृहाच्या उत्तरेच्या भिंतीला तडे गेले.

फोन लक्ष्मीबाईचा होता. "संध्या, आगं भितीला चिरा पडल्या. दोन उभ्या. सुताला लावल्यावानी सरळ. लोक यिऊन बघून राहिलेत."

दोन उभ्या, दाराच्या मापाच्या. ज्या विटा गुंतवलेल्या नव्हत्या त्या जागच्या सरकल्या होत्या आणि गिलाव्यावर दार उमटलं होतं. वसराम बरोबर होता. फक्त तिनं ते ऐकलं नव्हतं, कारण तिला बिनतड्याच्या भिंतीपेक्षा दार हवं होतं.

त्या चिरांत तिला जे दार दिसत होतं ते दुसऱ्या कुणाला दिसलं नाही. तातेराव पारावर म्हणाले म्हणे, शिकून काय फायदा, साधी भिंत धड न्हाई झाली. वस्तीतही कुजबुज झाली. वसराम नकाशा खिशात घेऊन फिरला आणि ज्याला त्याला विटा न गुंतवण्याची तिची ओळ दाखवत राहिला. भीमराज शाळेतून घरच्या वाटेला लागला की आता लांबून यायचा, सभागृह टाळून. संध्यानं खरं सांगायचं ठरवलं, दोनदा. पण सांगायचं काय? तुम्ही नको म्हणालात ते मी लपवून ठेवलं होतं?

बुद्धपौर्णिमेला सभागृहाचं उद्घाटन ठरलं. ती सकाळी पोचली तेव्हा बाया आत रांगोळी काढत होत्या. दक्षिणेच्या दारातून तिनं समोर पाहिलं आणि तिथंच उभी राहिली.

उत्तरेच्या भिंतीला, बरोबर मधोमध, सिमेंटचा भक्कम चौथरा उठला होता. मागं भिंतभर पांढरी फरशी. चौथऱ्यावर बुद्धाची मूर्ती. चिरा कुठंच दिसत नव्हत्या.

पुंजाजी काठी टेकत तिच्याजवळ आला. त्याचा चेहरा उजळला होता.

"कसं जमलं? लोक बोलून राहिले होते ना तुला. मी म्हनलं, आपलं लेकरू हाय, शिकताना चुकतंय. मूर्ती तिथंच बसवू. देशील तेवढं वजन झेलंल आता ती भित. वसरामनं मागून सळया टाकून पक्की केली. आता कोन हलवतंय तिथून?"

"पोरीचं झाकून गेलं," लक्ष्मीबाई म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले.

संध्यानं दोघांकडं पाहिलं. त्यांनी तिच्यासाठी केलं होतं. तिची लाज राखायला. राग टांगायला त्या सगळ्यात कुठं खुंटीच नव्हती.

"बरं केलंत, आबा," ती म्हणाली.

भीमराज आला, नवा शर्ट घालून. आज तो लांबून आला नव्हता. सतरंज्या अंथरल्या गेल्या, मेणबत्त्या लागल्या. बुद्धवंदना सुरू झाली तशी सगळी वस्ती हात जोडून बसली; मूर्तीकडं तोंड करून, म्हणजे उत्तरेकडं, म्हणजे गावाकडं. बाहेर मोकळ्या जागेत हळद सुकत होती, तिचा उग्र वास खिडक्यांतून आत येत होता. संध्या मागच्या रांगेत बसली. तिची जागा त्या बुजलेल्या दाराच्या बरोबर समोर आली होती, एका सरळ रेषेत.

तिनंही हात जोडले.

सोमवारी कावरखे सरांनी हट्टा भागातल्या एका गावाचं काम टेबलावर ठेवलं. सभागृहच होतं. ते काही सांगायच्या आत संध्यानं टाइप प्लॅन उघडला आणि गावाचं नाव बदललं.