सहा झाकणांची बॅटरी

मे महिन्यात माझी पोस्टिंग नागपूरजवळच्या व्हेईकल वर्कशॉपला होती. मी हुद्द्याने नाईक. ०६०० वाजता फॉल-इन, ०७०० पासून बॅटरी रूम. काम एकच: सीमेवरच्या, बर्फातल्या चौक्यांवरच्या ॲम्ब्युलन्ससाठी दोन बॅटऱ्यांची तुलना. एक जुनी, सहा झाकणांची. झाकण उघडून प्रत्येक खान्यातलं ॲसिड तपासता येई. दुसरी नवी, सीलबंद.

माझे सीनिअर हवालदार ठोंबरे, काटोलचे. नव्या आठही नमुन्यांचं रीडिंग दशांशापर्यंत सारखं आलं. ते मीटर सोडून माझ्याकडे बघू लागले.

"आठही जुळ्या बहिणी काहून गा? कोणी निवडून धाडल्या?"

"उस्ताद, माल चांगला असेल."

"पंचेचाळीस डिग्रीत तर माझा सासराही स्टार्ट होते. थंडीत पाहू."

वाडीला त्यांच्या ओळखीच्या संत्रा व्यापाऱ्याचं कोल्ड स्टोरेज होतं. दोन्ही बॅटऱ्या दोन दिवस क्रेटमध्ये ठेवल्या आणि तिथेच जीपला जोडल्या. जुनीने इंजिन उचललं. नवीचा नुसता 'टक' असा आवाज आला.

ठोंबऱ्यांनी रिपोर्टवर 'रिजेक्ट' लिहिलं. वर्कशॉपच्या मेजरसाहेबांनी तो परत केला.

"टेस्ट वर्कशॉपच्या शेडमध्ये होते, फळांच्या गोदामात नाही. 'पास' लिहून सही करा."

"नाही, सर."

महिन्याभरात ठोंबऱ्यांची बदली उत्तरेच्या एका चौकीवर झाली. मग 'पास' लिहिलेला रिपोर्ट माझ्यापुढे आला. एवढी घाई कोणाला होती, हे मी विचारलं नाही. शेडमधलं रीडिंग खरंच होतं. मी सही केली. माल पास होऊन चौक्यांवर गेला.

जानेवारीत उत्तरेच्या त्याच भागातल्या बेसवर मी रिकव्हरी ड्युटीला, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या आणायला होतो. ०६४० वाजता रेडिओ वाजला.

"बेस, बर्फाचा कडा कोसळला. एक जखमी. ॲम्ब्युलन्स स्टार्ट होत नाही. ओव्हर."

"बॅटरी कोणती? ओव्हर."

"सीलबंद. ओव्हर."

"जखमी कोण? ओव्हर."

"हवालदार ठोंबरे."

सहा झाकणांची बॅटरी घेऊन आम्ही ०९२० ला पोचलो. ॲम्ब्युलन्स पहिल्या फटक्यात सुरू झाली. ठोंबरे ०८५५ ला गेले होते.

चौकशीत उत्तर मिळालं: टेस्ट नियमाप्रमाणे झाली. नमुने कोणी निवडले, हा माझा प्रश्न कागदावर घेतलाच नाही. मी तो आजही विचारतो.

नोकरी सोडल्यावर मी काटोलला गेलो. ठोंबरे वहिनींनी पाणी दिलं आणि विचारलं, "भाऊ, गाडी काहून नाही चालू झाली?"

मी रिपोर्टची नक्कल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी खालची नावं बोट ठेवून वाचली. माझ्या नावापाशी बोट थांबलं. मग त्यांनी पुन्हा वरपासून शोधलं.

"यांची सही नाही यात?"

"नाही, वहिनी. त्यांनी केली नाही."

त्यांनी कागद घडी घालून ठोंबऱ्यांच्या फोटोच्या मागे ठेवला.