गिरजाबाईचा गेरू

नागभीडकडच्या त्या तळ्याकाठच्या गावात नागीण उतरवावी तर गिरजाबाई ढिवरनीनंच. एरवी ती तळ्यात जाळं टाकायची, बाजारात मासे विकायची. पण कुणाच्या कमरेला पुरळाचा पट्टा उठून आग आग व्हायला लागली, की माणूस तिच्याच दारी यायचा. ती दूर्वांच्या रसात गेरू उगाळायची आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना, म्हणजे नागिणीच्या तोंडाला नि शेपटीला, जाड रेघ ओढायची. तोंड-शेपूट जुळलं की माणूस मेला, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. मारलेल्या नागिणीनं डूख धरला की ती अशी अंगावर उठते, असंही लोक म्हणत.

डूख धरणं म्हणजे काय, हे गिरजाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. गावचा जमीनदार गुणवंतराव मालगुजार, त्याच्यावर तिनं एकोणीस वर्षं डूख धरला होता आणि एक दिवससुद्धा तो शिळा होऊ दिला नव्हता.

अडतीस सालच्या उन्हाळ्यात मालगुजाराच्या घरी लग्न निघालं. सगळ्या ढिवरवस्तीला बेगार लागली. फुकट मासे धरा, पाणी भरा, खरकटी काढा. गिरजाची सात वर्षांची रुखमा तेव्हा तापानं फणफणली होती. गिरजा आणि तिचा नवरा डोमा हात जोडून उभे राहिले.

"लग्नघर हाये. तीन दिवस कोनी घरी जानार नाई," गुणवंतराव पान चघळत म्हणाला आणि त्यानं फाटकावर माणूस बसवला.

चौथ्या दिवशी सकाळी सोडलं. रुखमा दाराशीच पडली होती. बोटं ताटीच्या कामट्यांत अडकलेली, मडकं कोरडं ठणठणीत. शेजारपाजार सगळा बेगारीत, मग लेकराला घोटभर पाणी कोण देणार? डोमा दोन वर्षांत खंगून गेला. पोरीनं किती हाका मारल्या असतील, हा एकच प्रश्न गिरजाबाईपाशी उरला.

एकावन्न साली मालगुजारी गेली, तळं सरकारचं झालं, बेगारही बंद पडली. लोक म्हणाले, झालं गेलं विसर. विसर म्हणे! ज्यांचं काही गेलं नाही, त्यांना सांगायला काय जातं?

आणि सत्तावन्नच्या पौषात गुणवंतरावाचा दिवाणजी देवाजी तिच्या दारात आला. "मालकाले नागीन निंगाली, बाई. लौकर चाल."

गिरजाबाईला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या, ते कशाला लपवायचं? साठीचा गुणवंतराव खाटेवर तळमळत होता. पट्टा पाठीच्या कण्यापासून उजव्या कुशीवरून बेंबीकडं सरकला होता. तिनं वाकून नीट पाहिलं आणि म्हणाली, "गेरू सरला, मालक. उद्या बाजारातून आनावा लागन." घरी गेरू डबाभर होता.

दुसऱ्या दिवशी नागभीडच्या बाजारात तिचे मासे घ्यायला आशाबाई डॉक्टरीण आल्या. नागपूरहून दवाखान्यात आलेल्या, तरण्याताठ्या, आणि काही विचारलं तर कंटाळा न करता सांगणाऱ्या. गिरजाबाईनं मासे निवडता निवडता विचारलं, "बाई, नागिनीचं तोंड-शेपूट जुळाले किती दिवस लागते?"

"जुळतच नाही ते. एकाच अंगाला उठते आणि पंधरा-वीस दिवसांत सुकते. तुम्ही गेरू लावा नाहीतर नका लावू."

गिरजाबाईचे हात थांबले. एकोणीस वर्षांनी जाळ्यात आलेला मासा सटकला की! "मंग हे येते तरी कुठून?"

"आपल्याच अंगातून. लहानपणी कांजिण्या येतात ना, त्यांचा विषाणू कधीच पुरता जात नाही, असं आता मोठे डॉक्टर म्हणतात. तो कण्याजवळ नसेच्या मुळाशी, पेशीत दडून बसतो. पेशी म्हणजे अंगातलं इवलंसं घर समजा. प्रत्येक घराची आपली कामं, आपले हुकूम. विषाणूला ना हात ना चूल. तो दुसऱ्याच्या घरात शिरतो आणि हुकूम आपल्याकडं घेतो. घरची कामं बंद, ह्याची सुरू. त्या घराच्या हातांनीच तो आपल्यासारखे हजारो घडवून घेतो. कधी मात्र वर्षानुवर्षं गप्प बसतो, आणि अंग थकलं की पुन्हा उठतो."

"म्हनजे बेगारच की."

आशाबाई हसल्या. "बेगारच. वर म्हाताऱ्या माणसात डाग गेले तरी आग राहते कधीकधी. महिने, वर्षंसुद्धा."

गिरजाबाई घरी येईपर्यंत तोच विचार करत होती. घर आपलं, हात आपले, आणि चूल थंड ठेवून राबायचं दुसऱ्यासाठी. हे तिला डॉक्टरणीपेक्षा जास्त कळत होतं. आणखी एक गोष्ट तिला कळली होती. नागीण जुळत नाही हे तिला माहीत होतं, गुणवंतरावाला नव्हतं.

तिनं देवाजीकडून निरोप धाडला. नागीण जबर आहे, तिथं येऊन उतरणार नाही. मालकानं सकाळी माह्या घरी यावं, एकटं. ढिवरनीच्या झोपडीत मालगुजार! एरवी त्यानं चाबूक काढला असता. पण जीव टांगणीला लागला होता, मुकाट्यानं बैलगाडीतून आला.

तिनं त्याला चटईवर निजवलं, गेरूच्या दोन रेघा ओढल्या. मग पाण्यानं भरलेलं मडकं त्याच्या उशाशी ठेवलं. "हे पाहा मालक, दिवस बुडेपर्यंत पानी प्याचं नाई. घोट पोटात गेला का नागीन सरकते." तिनं बाहेरून ताटी ओढून घेतली आणि दाराशी जाळं विणत बसली. पोरीच्या हाका तिनं ऐकल्या नव्हत्या. ह्याच्या ऐकायच्या होत्या, एकेक मोजून.

पहिली हाक दुपारच्या आधी आली, हुकमी. "ए गिरजे, पानी दे." तिनं जाळ्याला एक गाठ मारली. मग "गिरजाबाई" झालं. मग "बाई वं, नरडं सुकलं." तिनं गाठींवर गाठी मारल्या. बावीस झाल्या. तिला गोड वाटत होतं, खोटं कशाला बोलू? तेविसावी हाक इतकी बारीक आली, की ती म्हाताऱ्याची वाटेना. त्यानंतर आतून काहीच आवाज येईना.

तिनं वाट पाहिली. तरी आवाज नाही. आता तिला उमगलं, की हाका किती होत्या याला काही अर्थ नव्हता. रुखमाच्या हाकांनंतरही ह्याच झोपडीत असाच आवाज थांबला होता, आणि तेव्हा दाराबाहेर कुणी नव्हतं. जाळं फेकून ती आत धावली.

तो जिवंत होता, मडक्याकडं बघत पडलेला. तिनं त्याचं डोकं उचलून ओठांना तांब्या लावला. तो घटाघटा प्यायला.

"आता नागीन सरकन," तो घाबरून म्हणाला.

"नाई सरकत. ते जुळतच नाई. डॉक्टरीनबाईनं मले कालच सांगतलं. तुमाले तहानेनं मी मारत होतो, गुणवंतराव, तुमी माह्या रुखमाले मारलं तसं."

तो तिच्याकडं टकामका बघत राहिला. "कोन रुखमा?"

गिरजाबाईला वाटलं, तांब्या ह्याच्या टाळक्यात घालावा. ज्याच्यासाठी एकोणीस वर्षं आत निखारा ठेवला, त्याला नावसुद्धा ठाऊक नव्हतं! ती तिथंच खाली बसली आणि त्याला सगळं सांगितलं. लग्न, फाटक, ताटीत अडकलेली बोटं. त्यानं मान फिरवली, तर तिनं हनुवटी धरून परत वळवली.

"डाग जाईन. आग राहीन, वर्षानुवर्षं. ते उठली का माह्या पोरीचं नाव घ्याचं. आता घ्या."

"रुखमा," तो म्हणाला.

"पुना."

तिनं तेवीस वेळा म्हणायला लावलं, मग ताटी उघडली. माफ केलं का? छट्, माफ कशाला करील!

डाग गेले. आग मात्र खरंच राहिली. पुढं जगला तोवर गुणवंतराव तळ्याच्या बांधावरून चालता चालता मध्येच थांबायचा, उजवी कूस दाबून धरायचा, आणि त्याचे ओठ हलायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा देवाचं नाव घेतो. गिरजाबाई कमरेइतक्या पाण्यातून मान वर करून बघायची, ओठ नीट हलले की नाही ते पाहायची आणि मग जाळं टाकायची.