फिरवलेला बाण

सगळं ऑफिस त्याला रेघोबा म्हणायचं. नकाशे काढण्यात हयात गेलेली. रेघ अशी सरळ की पट्टीनं लाजावं, आणि माणूसही नाकासमोर चालणारा. फार नाकासमोर, हीच त्याची खोड.

साहेबांनी एकदा पाच मजली इमारतीचा नकाशा मंजूर करून घेतला आणि मग तोच गावोगाव लावला. डोंगरावरच्या थंड गावाला तोच, समुद्राकाठच्या दमट गावाला तोच, उन्हानं डांबर पाघळतं तिथंही तोच. जमीन कशीही असो, रेघोबानं कोपऱ्यातला उत्तरेचा बाण तेवढा फिरवायचा. इमारतीत काडीचा बदल नाही. खर्च वाचावा म्हणून खिडक्यांवरचे छज्जेही त्यालाच पुसायला लावले. तेव्हा तो एकदाच चाचरत म्हणाला होता, "साहेब, मावळतीकडच्या खोल्या भाजून निघतील."

"लोक एसी लावतील की. आणि थंडीत हीटर. तू बाण फिरव."

रेघोबानं बाण फिरवला. पोटाचा प्रश्न होता, हे खरं. पण वाद घालायचा त्याला कंटाळाही होता, हेही तितकंच खरं.

निवृत्त होताना ऑफिसमार्फत घर मिळालं. दारात पाऊल टाकताच त्यानं ते ओळखलं. दिव्याचं बटण कुठं, मोरी कुठं, डोळे मिटून सांगितलं असतं. खोली मावळतीची. बायको म्हणाली, "छान आहे हो!" तो नुसता हं म्हणाला. तक्रार करणार कुणाकडं? आपलेच दात, आपलेच ओठ.

दुपार झाली की खोलीचा तवा व्हायचा. खिडकी उघडावी तर समोरच्यांच्या एसींचा गरम वारा तोंडावर, लावावी तर उकडून जीव नकोसा. मग यानं आपला एसी सुरू करायचा आणि समोरच्यांनी खिडक्या आपटायच्या. असे सगळे एकमेकांना भाजत आपापल्या खोलीत कोंडून बसलेले. सगळ्यात वाईट स्वयंपाकघराची भिंत. गच्चीवरच्या बॉयलरच्या गरम पाण्याचा पाइप तिच्यातून उतरायचा. दुपारी तिला हात लावायची सोय नव्हती.

लेक बाळंतपणाला आली ती याच खोलीत. नात घामोळ्यांनी लालबुंद झाली. आजीनं पाळणा त्या भिंतीपासून लांब ओढला, ओल्या चादरी टांगल्या, पण पोर काही निजेना. शेवटी जावयानं डोंगरावरच्या गावी बदली मागून घेतली. रेघोबाला रडू आलं, आणि हायसंही वाटलं. निदान त्या दोघी तरी सुटल्या.

थंडी सुरू झाली. इकडं ती नावालाच, दुपारी एसी चालूच. एके दिवशी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. लोक आगीतून फुफाट्यात पडतात, ही आगीतून बर्फात पडली होती. अंगावर दोन शाली, मांडीवर खोकणारी पोर.

"बाबा, दिवसभर हीटर चालू असतो, तरी खोली गारच. डॉक्टर म्हणाले, हिला ऊब मिळाली नाही तर ॲडमिट करावं लागेल. छातीत भरतंय तिच्या. ही खिडकी बघा ना केवढी!"

तिनं फोन फिरवला. दार, मोरी, भिंतभर खिडकी.

बायको चष्मा सावरत म्हणाली, "अगं, ही आपलीच खोली का दाखवतेस?"

रेघोबानं फोनमधली खोली पाहिली, मग आपली पाहिली. बोललं तर सगळं उघडं पडणार होतं. पण नात पुन्हा खोकली.

"पाळणा तिथून हलव," तो म्हणाला. "स्वयंपाकघराच्या भिंतीला लाव, अगदी कोपऱ्यात. बॉयलरच्या गरम पाण्याचा पाइप तिच्यातून जातो."

लेकीनं भिंतीला तळहात लावला. "अय्या, गरम आहे की!" ती हसली. मग थांबली. "पण तुम्हाला कसं ठाऊक?"

"ते घर मी काढलंय, बाळ. हेही मीच."

पाळणा ओढल्याचा आवाज आला. पोरीला शालीत नीट गुंडाळून तिनं आत ठेवलं, आणि फोनकडं न बघताच विचारलं,

"बाबा, आणखी कुठं कुठं काढलंय हे? पुन्हा बदली मागायची तर ती गावं सोडून मागते."

रेघोबा एकेक गाव आठवू लागला. सुटलेलं एकही आठवेना.